एका मुंगीचे क्रियापद

एका वैद्यकीय माहितीपत्रकाचे भाषांतर करत असताना मी एका लहानशा वाक्यापाशी येऊन थांबले. वाक्य रुग्णाच्या त्वचेबद्दल होते, कर्ता 'त्वचा' हाच होता आणि क्रियापद होते 'फॉर्मिकेट'. त्याचे नामरूप, म्हणजे 'फॉर्मिकेशन', वैद्यकाच्या पुस्तकांतून अधूनमधून भेटते; पण ते क्रियापद म्हणून वाक्यात चालताना मी प्रथमच पाहत होते. टिपण करण्यासाठी मी तो शब्द संगणकावर उतरवला तेव्हा संगणकाने त्याखाली तत्परतेने लाल रेघ ओढली आणि 'म'च्या जागी 'न' घालून पाहावा, अशी सूचना केली. सूचना मान्य केली असती, तर रुग्णाची त्वचा रात्रीच्या वेळी व्यभिचार करू लागते, असा त्या वाक्याचा अर्थ झाला असता.

एका अक्षराच्या अंतरावर राहणाऱ्या या दोन शब्दांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. 'फॉर्निकेट'च्या मुळाशी लॅटिनमधला 'फोर्निक्स' म्हणजे कमान किंवा कमानीच्या छताचे तळघर आहे. रोममध्ये अशा कमानींखाली वेश्याव्यवसाय चाले, म्हणून त्या वास्तूचे नाव त्या व्यवसायाला आणि पुढे त्या कृतीला लागले. 'फॉर्मिकेट'च्या मुळाशी मात्र 'फोर्मिका' आहे, म्हणजे साधी मुंगी. मुंगीसारखे सरपटणे, अंगावर मुंग्या फिरत असल्यासारखी संवेदना होणे, किंवा एखादी जागा मुंग्यांनी गजबजावी तशी गजबजून जाणे, असे तीन अर्थ या क्रियापदाला आहेत आणि तिन्ही अर्थांनी ते इंग्रजीत दुर्मीळच राहिले. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन कवी जेम्स रसेल लॉवेल यांनी गावकऱ्यांनी फुलून गेलेल्या इटलीतल्या एका मोकळ्या जागेसाठी ते वापरले होते. पण ही एका हौशी, बहुश्रुत माणसाची गंमत होती. बाजारात उभे राहून हा शब्द उच्चारला, तर बहुतेक इंग्रजी भाषकांचाही माझ्या संगणकासारखाच गैरसमज होईल.

हे सगळे शोधताना मी जमिनीवर मांडी घालून, जाडजूड कोश मांडीवर घेऊन बसले होते. अर्ध्या तासाने उठले आणि डावा पाय जागेवर नव्हता. म्हणजे तो दिसत होता, पण हाताने दाबून पाहिला तर दुसऱ्या कुणाचा तरी पाय दाबल्यासारखे वाटत होते. भिंतीला धरून टाच टेकवली तेव्हा आधी काहीच झाले नाही. मग अंगठ्याच्या टोकापाशी बारीकशी हालचाल सुरू झाली, ती तळव्याच्या खोलगट भागातून पसरत घोट्यापर्यंत आली, आणि काही क्षणांत पोटरीपर्यंत सगळीकडे काहीतरी असंख्य पायांनी, रांग मोडून, वाट फुटेल तिकडे धावू लागले. हसूही येत होते आणि पाय टेकवतही नव्हता. ज्या शब्दासाठी मी अर्धा तास कोश चाळत होते तो माझ्याच पायात चाललेला होता, आणि त्यासाठी मराठीत मला कोशाची मुळीच गरज नव्हती. पायाला मुंग्या आल्या होत्या.

या मुंग्यांचे शारीर कारण आता पुरेसे ठाऊक आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी लगत, त्वचेखाली फार खोल नसलेला एक मज्जातंतू खाली पायाकडे जातो. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बराच वेळ बसले की त्यावर दाब येतो, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि त्यातून जाणारे संदेश अडखळतात. पाय बधिर होतो तो त्यामुळे. दाब सुटला की तंतू पूर्ववत होऊ लागतात, पण एकदम आणि शिस्तीत नव्हे. त्यांतले कित्येक तंतू त्वचेवर काहीही घडलेले नसताना आपापल्या मनाने संदेश सोडू लागतात. मेंदूला मात्र हे तंतू त्वचेकडून येतात एवढेच माहीत असते. त्यामुळे शेकडो ठिकाणी एकाच वेळी, पुढेमागे, कसल्याही क्रमाशिवाय स्पर्श होत असल्याची वार्ता त्याच्याकडे जाते, आणि अशा वार्तेचा अर्थ लावायचा तर चालत्या मुंग्यांखेरीज दुसरी उपमा सहसा सुचत नाही.

रोमन लेखक थोरला प्लिनी याला तीच सुचली. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या लेखकाच्या निसर्गविषयक विश्वकोशात 'फोर्मिकारे' हे क्रियापद दोनदा भेटते. एके ठिकाणी तो एका उपचाराची मर्यादा सांगतो: त्वचा 'फोर्मिकेत' होईपर्यंत, म्हणजे त्वचेला मुंग्या येईपर्यंत. दुसरीकडे तो मरण जवळ आल्याची लक्षणे सांगतो आणि त्यांत विषम किंवा मुंगीसारख्या चालणाऱ्या नाडीचा उल्लेख करतो. ही मुंगीच्या चालीची नाडी ग्रीक वैद्यांकडची. मुंगीला ग्रीकमध्ये 'मिर्मेक्स' म्हणत आणि त्यावरून केलेले क्रियापद दुसऱ्या शतकातल्या गेलनच्या नाडीविचारातही येते. आपल्याला याचे नवल वाटू नये, कारण आपल्याकडचा आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधर यानेही वाताची नाडी जळू आणि सापाच्या चालीची, पित्ताची बेडकाच्या आणि कफाची हंसाच्या चालीची सांगितली आहे. बोटाखाली जे जाणवते ते सांगायला वैद्याला कोणता ना कोणता प्राणी लागतोच.

व्याकरणाच्या भाषेत 'फोर्मिकारे' हा नामधातू आहे. नामाला क्रियापदाचे प्रत्यय लावून धातू तयार करण्याची ही रीत मराठीलाही अपरिचित नाही. आपण हातावरून हाताळतो, लाथेवरून लाथाडतो, आणि डोळ्यांत पाणी आले की ते पाणावतात. कीटकावरून क्रियापद हवे असेल, तर तेही आपल्याकडे आहे, फक्त ते इतके घरचे झाले आहे की त्यातला किडा दिसेनासा झाला आहे. कीड लागते म्हणून धान्य किडते, लाकूड किडते, आणि दात किडतो. दाताच्या बाबतीत यात एक जुना समज गोठलेला आहे. दाताच्या आत किडा राहतो आणि तोच दात पोखरतो, असे जगातल्या अनेक संस्कृतींना हजारो वर्षे वाटत आले. तो किडा नसल्याचे दंतवैद्यकाने सिद्ध करूनही आता बराच काळ लोटला, पण क्रियापदाला ती बातमी पोचलेली नाही. दंतवैद्यसुद्धा 'तुमचा दात किडलाय' असेच सांगतात.

मुंगीवरून मात्र आपण धातू केला नाही. 'पाय मुंग्यावला' असे कुणी म्हणत नाही. आपण मुंग्यांना येऊ दिले. ताप येतो, घाम येतो, झोप येते, चक्कर येते, अंगावर शहारे येतात, त्याच ओळीत पायाला मुंग्या येतात. शरीर जिथे करत नाही, तर शरीराला काहीतरी होते, तिथे मराठी 'येणे' वापरते. या रचनेतली एक गोष्ट मला विशेष आवडते. 'साखरेला मुंग्या आल्या' असे आपण सहसा म्हणणार नाही. साखरेला मुंग्या लागतात. भिंतीवर मुंग्या होतात, हाताला मुंगी चावते, पण पायाला मुंग्या येतात. खऱ्या मुंग्या आणि भासाच्या मुंग्या यांच्यातला फरक आपण नामात केलेला नाही, तो क्रियापदावर सोपवला आहे, आणि लहान मूलही त्यात चुकत नाही. शिवाय भासाच्या मुंग्या नेहमी अनेकवचनीच असतात. पायाला एकच मुंगी आली, असे म्हटले तर ऐकणारा पायाकडे वाकून पाहील.

झिणझिण्या हा आपल्याकडचा दुसरा शब्द. कोश त्याला मुंग्यांचा समानार्थी मानतात. मला तो पूर्ण समानार्थी वाटत नाही. कोपर दारावर आपटले की करंगळीपर्यंत जातात त्या झिणझिण्या, त्यांना नाद आहे आणि वेग आहे. मुंग्या हळू असतात, चालतात, आणि त्यांना पाय असतात.

लॅटिनच्या लेकींनी आईकडून ही मुंगी घेतली आणि रोजच्या बोलण्यात ठेवली. फ्रेंच माणूस पायांत मुंग्या असल्याचे सांगतो आणि गजबजून जाण्यासाठीही मुंगीवरून झालेले 'फुर्मिये' हे क्रियापद वापरतो. स्पॅनिशमध्ये त्या संवेदनेला 'ओर्मिगेओ' म्हणतात, इटालियनमध्ये 'फोर्मिकोलिओ'. लॅटिनच्या कुळाबाहेरची रशियनही मागे नाही. अंगावर काटा येतो तेव्हा रशियन माणसाच्या कातडीवरून 'मुराश्की' धावतात, म्हणजे लहानशा मुंग्याच. इंग्रजीने मात्र हा शब्द बोलण्यातून नव्हे, पुस्तकातून उचलला. सतराव्या शतकाच्या आसपास विद्वानांनी लॅटिन धातूंची आयात केली त्या लोंढ्यात तो आला आणि वैद्यांच्या कपाटातच राहिला. सामान्य इंग्रजी माणसाच्या पायाला मुंग्या येत नाहीत, त्याला टाचण्या आणि सुया टोचतात. ही उपमा मला जरा शिंप्याच्या दुकानातली वाटते, पण पाय टेकवल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांपुरती ती अचूक आहे, हेही मान्य केले पाहिजे.

सुया अचूक की मुंग्या, या वादाचा निकाल सुश्रुतसंहितेने फार पूर्वी लावून ठेवला आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पिकू लागलेल्या सुजेच्या वेदनांचे वर्णन आहे. तिथे सुश्रुत म्हणतो की रुग्णाला सुयांनी टोचल्यासारखे होते, मुंग्यांनी डसल्यासारखे होते, आणि त्या अंगावरून सरपटत असल्यासारखेही होते. इंग्रजांच्या सुया आणि आपल्या मुंग्या एकाच वाक्यात शेजारीशेजारी आहेत. चावणाऱ्या मुंग्या आणि नुसत्या चालणाऱ्या मुंग्या या दोन वेगळ्या संवेदना आहेत, हेही त्याने नोंदवले आहे. ही यादी पुढे शस्त्राने कापल्यासारखे वगैरे वेदनांकडे जाते. पण ती वाचताना माझे लक्ष खिळले ते एका अगदी क्षुल्लक शब्दावर. प्रत्येक उपमेबरोबर सुश्रुत 'इव' ठेवतो. टोचते नव्हे, टोचल्यासारखे. चालतात नव्हे, चालत असल्यासारख्या. वैद्य रुग्णाच्या तोंडचे शब्द उतरवून घेतो आहे, पण प्रत्येक शब्दाला त्याने एक छोटीशी खूण बांधली आहे.

'फॉर्मिकेट'मध्ये ती खूण नाही. नामाचा धातू होताना 'सारखे' गळून पडले आणि त्वचा थेट मुंगीचे कर्म करू लागली. मराठीतही 'मुंग्या आल्या' म्हणताना 'सारख्या' म्हणण्याची गरज कुणाला वाटत नाही. आपण ते 'येणे'च्या पोटात लपवले आहे.

मुंगी आणि क्रियापद यांचा हा संबंध उलट दिशेनेही लावून पाहिला गेला आहे, आणि त्याचे श्रेय वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काला आहे. वेदातल्या एका छंदप्रकाराला 'पिपीलिकामध्या' असे नाव आहे. त्याचा मधला चरण मुंगीच्या कमरेसारखा आखूड असतो. ते नाव समजावून देताना आपल्या 'निरुक्त' या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात यास्क 'पिपीलिका' हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या एका धातूपासून आला असे सांगतो. म्हणजे रोमनांनी मुंगीवरून चालण्याचे क्रियापद केले, आणि यास्काने चालण्याच्या क्रियापदावरून मुंगी केली. आजचे भाषाशास्त्र यास्काची ही व्युत्पत्ती कितपत मानील याबद्दल मला शंका आहे. पण मुंगीकडे पाहणाऱ्या माणसाला आधी तिची चाल दिसते, ही त्याची नजर मला पटते.

'फोर्मिका' आणि संस्कृत यांचे खरे नाते 'पिपीलिका'तून जात नाही, ते ऋग्वेदकालीन 'वम्र' आणि 'वम्री' या शब्दांतून जाते. ग्रीक 'मिर्मेक्स', फारसी 'मूर', रशियन 'मुरावेइ', लॅटिन 'फोर्मिका' आणि संस्कृत 'वम्र' हे सारे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज मानले जातात, पण या कुटुंबातल्या सदस्यांचे चेहरे एकमेकांशी विचित्रच जुळतात. मूळ शब्दात 'म' आधी आणि 'व' नंतर असावा. संस्कृतात दोघांनी जागा बदलल्या. नुकसानाचे 'नुस्कान' करताना आपली जीभ जे करते तोच हा वर्णविपर्यय. लॅटिनमध्ये दोन 'म' जवळजवळ आले म्हणून पहिल्याचा 'फ' झाला असावा. 'वल्मीक' हा शब्दही याच घरातला समजतात, आणि त्या वारुळातून बाहेर आलेल्या ऋषीचे नाव आपण सगळे जाणतो. शतपथ ब्राह्मणात याच वम्रींनी विष्णूच्या धनुष्याची दोरी कुरतडली आणि ताणलेले धनुष्य सुटून त्याचे शिर उडाले, अशी कथा आहे. दोरी कुरतडणाऱ्या आणि वारुळे उभारणाऱ्या या वम्री बहुधा मुंग्या नसून वाळवी असाव्यात. वाळवी मुंगीच्या कुळातली नव्हे, ती झुरळाच्या जवळची; पण जुन्या भाषांनी हा भेद क्वचितच पाळला.

इंग्रजीकडे या कुटुंबातली स्वतःची मुंगीही एके काळी होती. तिला 'माय्र' म्हणत, आणि चौदाव्या शतकापासून तिच्यामागे मूत्रवाचक शब्द जोडून 'पिस्माय्र' असे नाव रूढ झाले, कारण मुंग्यांच्या वारुळाला तसा उग्र दर्प येतो. इतके बोलके नाव सोडून इंग्रजीने 'अँट' का पसंत केले असेल, हे सभ्यतेच्या दृष्टीने उघड आहे. त्या दर्पाचा संबंध मुंगीच्या अंगातल्या आम्लाशी आहे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी 1671 मध्ये मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या आम्लाचे वर्णन केले, 1749 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मारग्राफ यांनी त्याचा अधिक नेटका अभ्यास केला, आणि त्या आम्लाला फॉर्मिक आम्ल हे नाव मिळाले. तिथून मुंगी रसायनशास्त्रात शिरली ती बाहेर आली नाही. फॉर्माल्डिहाइडमध्ये ती आहे, शवे टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये आहे, आणि क्लोरोफॉर्ममध्येही आहे. 1847 मध्ये एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी शुद्ध हरपण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. ज्या कीटकाच्या नावाने अंगातली सर्वात अस्वस्थ जाणीव ओळखली जाते, तोच कीटक जाणीव घालवणाऱ्या औषधाच्या नावात बसलेला आहे. टेबलांवर चिकटवतात त्या फॉर्मायकात मात्र मुंगी नाही. विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायचा पदार्थ, म्हणजे 'फॉर मायका', म्हणून ते नाव पडले. योगायोग इतका सफाईदार आहे की मी अनेक वर्षे उगाचच त्यातही मुंगी शोधत होते.

पत्रकातल्या वाक्याचा प्रश्न मात्र अजून तसाच होता. मी पहिल्या खर्ड्यात सरळ 'त्वचेला मुंग्या येतात' असे लिहिले आणि मोठ्या समाधानाने पाठवून दिले. तपासणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी आला. "ताई, मुंग्या येणं म्हटलं की लोकांना पाय बधिर झालेला आठवतो. इथे बधिरपणा नाहीये. त्वचेवर, किंवा त्वचेच्या खाली, खरंच काहीतरी फिरतंय असं वाटतं." मग त्यांनी समजावून सांगितले. दीर्घकाळचे मद्यपान एकदम थांबवल्यावर, कोकेनसारख्या द्रव्यांच्या सेवनात, काही औषधांमुळे आणि रजोनिवृत्तीच्या काळातही ही संवेदना होऊ शकते. बहुतेकांना ठाऊक असते की खरे काहीच फिरत नाही. पण काही जणांची खात्री पटते की किडे आहेतच. स्वीडिश मज्जातज्ज्ञ कार्ल आक्सेल एकबॉम यांनी 1938 मध्ये या दुसऱ्या स्थितीचे वर्णन केले आणि तिला त्यांचेच नाव लागले. असे रुग्ण कातडी खाजवून खपल्या काढतात, धाग्यांचे तुकडे, धुळीचे कण गोळा करतात आणि पुरावा म्हणून काडेपेटीत घालून डॉक्टरांसमोर ठेवतात. हे इतक्यांदा घडते की काडेपेटी हेच एक लक्षण म्हणून वैद्यकात नोंदले गेले आहे.

ती काडेपेटी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. संवेदना तीच, शब्द तोच. फक्त सुश्रुताने बांधलेली ती छोटीशी खूण त्या माणसाच्या वाक्यातून सुटलेली आहे.

दुसऱ्या खर्ड्यात मी लिहिले: 'अंगावर मुंग्या चालत असल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात त्वचेवर काहीही नसते.' मला ते बिनचूक वाटत होते. डॉक्टरांनी अर्धविरामापुढचा सगळा भाग खोडून परत पाठवला. त्यांचे कारण असे, की ज्याची रात्र खाजवण्यात गेली आहे त्याने सकाळी हे पत्रक हातात घेतल्यावर पहिल्याच ओळीत आपण त्याला खोटे ठरवू नये. तो पुढचे वाचणारच नाही, आणि पुढे कोणाकडे जायचे ते लिहिले आहे. 'सारखे' आहे ना, तेवढे पुरे, असे ते म्हणाले.

पत्रक छापून आले तेव्हा मी आधी ती ओळ शोधली. अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम होता, आणि 'सारखे' जागेवर होते.